खंडनाची एकुलती प्रत

यंत्राने माझ्याशी अबोला धरला त्या दिवशी सकाळपर्यंत आमचे संबंध, निदान माझ्या समजुतीप्रमाणे, उत्तम होते. मी त्याला झाकण उघडून जागे केले, ते नेहमीसारखे गुरगुरले, आणि मग निळे आकाश, दोन ढग व तळाशी चित्रांची रांग असे जे निष्पाप दृश्य ते रोज दाखवायचे, त्याऐवजी त्याने मला संपूर्ण काळा पडदा दाखवला. वरच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत माझे नाव विचारले होते. नावापुढे एक बारीक रेघ उघडझाप करत होती. तोंडी परीक्षेत उत्तराची वाट पाहणाऱ्या परीक्षकाच्या पापणीसारखी.

त्या यंत्राच्या पोटात माझे खंडन होते. कशाचे, ते सांगायला हवे. आमच्या विभागाच्या अध्यक्षांनी सार्वजनिक घड्याळांच्या सामाजिक इतिहासावर एक ग्रंथ लिहिला आहे. ग्रंथ जाड आहे, एवढे त्याच्याविषयी निर्विवादपणे म्हणता येते. चौकांतली आणि मनोऱ्यांवरची घड्याळे बंद पडली, पुढे धावली किंवा मागे राहिली, की त्या काळचे नागरिक घड्याळ खात्याकडे तक्रार धाडत. त्या तक्रारींची पोतीच्या पोती अभिलेखागारात पडून होती. अध्यक्षांनी त्यांतल्या एकाही पोत्याचे तोंड उघडले नाही. तळटीपेत त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: ‘किरकोळ तक्रारी, अभ्यासास घेतल्या नाहीत.’ न वाचता फेकलेल्या मजकुराचा असा बेमुर्वत उल्लेख मी यापूर्वी पाहिला नव्हता. मी सगळ्या तक्रारींच्या छायाप्रती काढल्या, घरी आणल्या, वाचल्या, आणि खंडन लिहायला बसलो. छायाप्रतींनी आधी माझे टेबल व्यापले, मग मागची खोली, मग बोळातले बायकोचे शिलाई मशीन. शास्त्राला जागा लागतेच.

खंडन ज्या विशेषांकात छापायचे होते त्याच्या संपादिकेने बजावले होते, ‘‘आज संध्याकाळपर्यंत मजकूर हातात आला तर छापते. नाही आला तर अध्यक्षांचा लेख त्या जागी तयार आहे.’’ यापेक्षा प्रभावी धमकी मला कोणी दिलेली नाही.

आता वाचक विचारील, दुसरी प्रत कुठे होती? दुसरी प्रत नव्हती. पाठचिकित्सेत आयुष्य घालवलेला मनुष्य प्रती ठेवत नसतो. प्रतींनी काय होते ते त्याने पाहिलेले असते. एकाच्या दोन झाल्या की पाठभेद सुरू होतात, दोनाच्या चार झाल्या की मूळ कोणते यावर पिढ्या खपतात. म्हणून माझ्या लेखनाची प्रत एकच असते, आणि तीत प्रत्येक वाक्यानंतर मी कंट्रोल आणि एस या दोन कळा दाबून ते वाक्य साठवतो. एकदा एक अख्खे प्रकरण वीज गेल्याने गेले होते. तेव्हापासून माझ्या डाव्या हाताची करंगळी ही साधना अखंड करत आली आहे. मला वाटते मी झोपेतही साठवत असेन.

यंत्रात कोणती प्रणाली घातली आहे हे मला माहीत नव्हते. आमची लेक परगावी नोकरीला जाताना ती घालून गेली होती. ‘‘बाबा, ही युनिक्सच्या घराण्यातली आहे. म्हातारं मशीनसुद्धा पळवते,’’ एवढेच ती म्हणाली होती. घराणे म्हटल्यावर मी विश्वास ठेवला.

मी नाव लिहिले. त्याने परवलीचा शब्द मागितला. मी टंकू लागलो. पडद्यावर काहीही उमटले नाही. ठिपके नाहीत, तारे नाहीत. मी जोराने टंकले. मग सावकाश टंकले. मग सगळा कळफलक उलटा करून झटकला. त्यातून बिस्किटाचा एक तुकडा पडला, पण अक्षर पडले नाही.

‘‘अहो, दार ठोठावलं की आतून निदान ‘कोण’ असं तरी विचारतात,’’ मागे उभी असलेली बायको म्हणाली.

‘‘याचे विचारून झाले आहे. आता उत्तर ऐकत नाही.’’

‘‘तुमच्याच मुशीतलं दिसतंय.’’

लेकीला फोन लावला. ती चालता चालता बोलत होती. मागून बुटांचा आवाज येत होता.

‘‘बाबा, पासवर्ड दिसत नाही तो मुद्दाम. अक्षरं किती हेही कळू नये म्हणून. न बघता नीट लिहा आणि एंटर मारा.’’

मी न बघता नीट लिहिले. पडदा काळाच राहिला, पण आता एका ओळीच्या शेवटी डॉलरचे चिन्ह उभे राहिले. लेकीने सांगितले, की हे त्या प्रणालीचे कवच. चित्रे दाखवणारा भाग बिघडला की हे कवच उघडे पडते, आणि त्याच्याशी थेट आज्ञा लिहून बोलावे लागते. डॉलर दिसला म्हणजे ते ऐकायला मोकळे आहे असे समजायचे. मला हा करार पसंत पडला. आमच्या विभागात कोण ऐकायला मोकळे आहे हे असे कपाळावर दिसत असते तर निम्म्या सभा वाचल्या असत्या.

‘‘आता लेख आहे का बघू. फाइलचं नाव काय ठेवलंयत?’’

‘‘अंतिम खंडन खरोखर अंतिम.’’

‘‘मध्ये जागा सोडून?’’

‘‘मी शब्दांमध्ये जागा सोडतो. सुसंस्कृत लोक सोडतात.’’

तिने सांगितलेली आज्ञा लिहून पुढे मी नाव लिहिले. यंत्राने उत्तर दिले, ते मी मराठीत देतो: ‘अंतिम’ नावाचे काही नाही. ‘खंडन’ नावाचे काही नाही. ‘खरोखर’ नावाचे काही नाही. ‘अंतिम’ नावाचे काही नाही. चार ओळींत माझ्या कामाचे इतके समग्र मूल्यमापन अध्यक्षांनाही जमले नसते.

‘‘ते प्रत्येक शब्द वेगळा धरतं, बाबा. नावाला अवतरणचिन्हं घाला. चिन्ह उघडलं की ते मिटेपर्यंत मधलं सगळं त्याला एकच बोलणं वाटतं. मध्ये आज्ञा आली तरी ती आज्ञा नसते, नुसते शब्द असतात.’’

मी अवतरणचिन्हे घातली आणि डोळे दिपले. फाइल होती. तिच्यापुढे तिचे आकारमान होते आणि कालची तारीख होती. मी बायकोला हाक मारली, ती हात पुसत आली, आम्ही दोघांनी ती ओळ पाहिली. जन्मल्यावर लेकीकडे आम्ही असेच काचेतून पाहिले होते.

‘‘मला मीटिंगमध्ये जायचंय,’’ फोनमधून लेक म्हणाली. ‘‘पेनड्राइव्हवर कॉपी कशी करायची ते दुपारी सांगते. तोवर कशालाही हात लावू नका.’’

मी कशालाही हात लावला नाही. केवळ, इतके चांगले वाक्य पडद्यावर उमटलेले पाहून, करंगळीने आपले काम केले.

त्यानंतर यंत्र बोलले नाही.

मी डॉलरसमोर एक अक्षर लिहिले, उमटले नाही. एंटर दाबले, ओळ हलली नाही. ती बारीक रेघसुद्धा आता आपल्या जागेवरून ढळत नव्हती. सुरुवातीला मी संयम ठेवला. परवलीच्या शब्दाचा धडा ताजा होता. ‘दिसत नाही ते मुद्दाम’ हे तत्त्व येथेही लागू असेल असे मी मानले आणि न बघता नीट लिहिले. काळ्या पडद्याला देवनागरी येत नसल्याने मी रोमन अक्षरांत मराठी लिहीत होतो. प्रथम ‘उत्तर द्या’ असे लिहिले. मग ‘आपले मौन अशिष्ट आहे’ असे. मग, काहीसा रागाने, ‘माझा मजकूर परत करा, नंतर हवे तितके गप्प बसा’ असे. प्रत्येक वाक्यानंतर एंटर. आणि प्रत्येक वाक्यानंतर, सवयीने, साठवण.

कुतूहल हा माझा एकच दुर्गुण आहे. कोणी रागावले तर मी सोडून देतो, पण कोणी गप्प का बसले हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. काही वेळापूर्वी जे यंत्र माझ्या एका चुकीला चार ओळी उत्तर देत होते त्याला झाले काय? ते थकले? दुखावले? की ते विचार करत होते? शेवटची शक्यता मला सर्वांत भयंकर वाटली. मी यंत्र तसेच चालू ठेवून संस्थेच्या संगणक विभागाकडे निघालो.

संगणक विभाग तळघरात आहे. काचेमागे एक सहायक बसतो आणि काचेला बोलण्यासाठी भोक आहे, ते त्याच्या कानाच्या नव्हे तर पोटाच्या उंचीवर. मी वाकून हकिकत सांगितली.

‘‘सर, तक्रार ऑनलाइन टाकायला लागते.’’

‘‘टाकतो. कुठून टाकू?’’

‘‘नोंदणी झालेल्या मशीनवरून.’’

‘‘तेच बिघडले आहे.’’

‘‘मग ते दुरुस्त झाल्यावर टाका.’’

अशा वाक्यांसाठी पूर्वी तत्त्वज्ञानात स्वतंत्र परिभाषा असे. त्याला माझी दया आली असावी. त्याने आपल्या पडद्यावर तक्रारीचा नमुना उघडला.

‘‘प्रकार सांगा. ‘चालू होत नाही’ की ‘हळू चालतं’?’’

‘‘चालू आहे. बोलत नाही.’’

‘‘तसा प्रकार नाहीये.’’

‘‘मग निर्माण करा.’’

‘‘त्यासाठी अध्यक्षांची सही लागेल, सर. तुमच्याच विभागाच्या.’’

मी त्याचे आभार मानले. इतके थंड आभार त्या काचेतून यापूर्वी गेले नसतील.

घरी परतलो तर माझ्या खुर्चीत उपायकाका बसले होते. शेजारच्या या गृहस्थांना इमारतीत याच नावाने ओळखतात, कारण ‘यावर एक उपाय आहे’ हे वाक्य उच्चारल्याशिवाय ते कोणाच्या घरात शिरत नाहीत. जिन्यातल्या दिव्यावर त्यांनी एकदा उपाय केला होता, तेव्हापासून आम्ही भिंतीला हात लावून चढतो. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पाहून मला वाटले की काहीतरी अर्धवट राहिले आहे; पण तिच्या चेहऱ्यावर ते बरेचदा असते, म्हणून मी चौकशी केली नाही.

‘‘या, या,’’ माझ्याच घरात काकांनी माझे स्वागत केले. ‘‘वहिनी एकट्याच त्याच्याशी झगडत होत्या. टकटक टकटक लिहीत होत्या. मी बेल मारली तेव्हा उठल्या.’’

‘‘तू लिहीत होतीस?’’ मी विचारले.

‘‘बसले होते जरा.’’

‘‘काय लिहिलेस?’’

‘‘तुम्ही काय लिहिलंत?’’

मी विषय सोडला. काका पुढे सांगू लागले, ‘‘मी म्हटलं, यावर एक उपाय आहे. आमच्या कंपनीत हीच सिस्टिम होती. दिवसाचं काम संपलं की शेवटी एक आज्ञा मारायचो. आर, एम, मग एक आडवी रेघ आणि आर, मग एक तारा. मारली, की मशीन कसं हलकं! दुसऱ्या दिवशी नव्यासारखं.’’

‘‘आणि ती तुम्ही मारलीत?’’

‘‘आधी एक एंटर मारला, मागचं काही अडकलं असलं तर सुटावं म्हणून. मग ती आज्ञा मारली. पुन्हा एंटर. पण नाही बोललं. माझ्या आज्ञेवरही जर बोलत नाही, तर आतूनच गेलंय हो. उघडून बघावं लागेल. माझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे.’’

त्या क्षणी लेकीचा फोन आला. मी तो सर्वांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला आणि तिला क्रमाने सगळे सांगितले. माझी विधाने सांगितली. काकांची आज्ञा सांगितली. पलीकडचा बुटांचा आवाज थांबला.

‘‘बाबा, काकांची आज्ञा परत सांगा.’’

मी परत सांगितली.

‘‘त्या आज्ञेने सगळ्या फाइली पुसल्या जातात. तुमचं खंडनपण. विचारतसुद्धा नाही, पुसून मोकळं होतं.’’

काकांनी खुर्चीतून उठून ती माझ्यासाठी रिकामी केली. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला उपयुक्त उपाय असावा.

‘‘हलकं होतं म्हणजे काय, ते आता कळलं,’’ बायको म्हणाली.

‘‘थांबा,’’ लेक म्हणाली. ‘‘पडद्यावर काहीच हललं नाही ना? गप्प कधी झालं ते? बाबा, खरं सांगा. तुम्ही कंट्रोल-एस दाबलंत?’’

‘‘अर्थात. मी नेहमी साठवतो.’’

‘‘इथे तो सेव्ह नाहीये, बाबा! इथे त्याचा अर्थ ‘गप्प बस’ असा आहे. तुम्हीच त्याला गप्प बसवलंत, आणि नंतर रागावलात की बोलत का नाही.’’

बायकोने ‘‘अगंबाई’’ एवढेच म्हटले, पण त्यात बरेच काही होते.

‘‘म्हणजे काहीच झालेले नाही?’’ मी विचारले. ‘‘त्याने आमचे ऐकलेच नाही?’’

‘‘गप्प आहे बाबा, बहिरं नाही. ऐकलंय सगळं. तुम्ही, आईने, काकांनी जे जे टाइप केलंत ते रांगेत उभं आहे. बोलायची परवानगी दिलीत की एकेक करून सगळं पार पाडेल. ज्या क्रमाने लिहिलंत त्या क्रमाने.’’

‘‘माझी आज्ञा कितव्या नंबरावर आहे?’’ काकांनी विचारले. भीतीत थोडा अभिमानही होता.

‘‘शेवटच्या, काका. आता सगळे ऐका. दोन बटणं आहेत. कंट्रोल धरून क्यू दाबलं, तर ते बोलायला लागेल आणि रांगेतलं सगळं चालेल. ते दाबायचं नाही. कंट्रोल धरून सी दाबायचं. मग रांगेतलं सगळं फेकून दिलं जाईल आणि ते पुन्हा मोकळं होईल. खंडन सुरक्षित.’’

मी बोट सीवर नेले. करंगळी कंट्रोलवर होतीच. आणि तिथे मी थांबलो.

‘‘फेकून दिले जाईल म्हणजे,’’ मी विचारले, ‘‘न वाचता?’’

‘‘हो बाबा, न वाचता. काय वाचायचंय त्यात?’’

मी बायकोकडे वळलो. ‘‘तू काय लिहिले होतेस?’’

‘‘किरकोळ होतं,’’ ती म्हणाली.

तिने हा शब्द मुद्दाम वापरला, की सहज, हे मला आजही माहीत नाही. तिने माझे खंडन वाचलेले नाही. तिने ते अनेक महिने, भिंतीपलीकडून, मोठ्याने वाचताना ऐकलेले आहे. त्यातल्या मध्यवर्ती प्रकरणाचा पहिला परिच्छेद असा: ‘जो अभ्यासक हाती आलेला मजकूर किरकोळ म्हणून न वाचता टाकून देतो, त्याने अभ्यासक हे नाव लावू नये.’ हे वाक्य मी साठवले होते. लिहिले त्या दिवशी दोनदा साठवले होते, कारण ते मला फार आवडले होते.

‘‘सांग ना, काय होते ते.’’

‘‘आता नाही सांगणार. कोणी वाचणार नाही असं वाटलं म्हणून लिहिलं. वाचायचं तर वाचा, फेकायचं तर फेका. यंत्र तुमचं, खंडन तुमचं.’’

‘‘वहिनी, तोंडी सांगितलंत तर सोपं पडेल,’’ काका म्हणाले. ‘‘यावर एक उपाय—’’

‘‘काका, बसा,’’ टेबलावरून फोन म्हणाला.

मी सीकडे पाहिले. एका बाजूला माझे खंडन होते, अध्यक्षांचा पराभव होता, संध्याकाळची मुदत होती. दुसऱ्या बाजूला एका न वाचलेल्या मजकुराचे अस्तित्व होते, ज्याची लेखिका माझ्यापासून हाताच्या अंतरावर पदर खोचून उभी होती आणि ज्यात काय होते याचा मला अंदाजसुद्धा करता येत नव्हता. हेच मला सर्वांत विलक्षण वाटले. मला घड्याळ खात्याकडे तक्रार करणाऱ्या, कधीच्या गेलेल्या एका घड्याळवेड्या शिंप्याची मनःस्थिती परिच्छेदभर सांगता आली असती. सी दाबले असते तर खंडन वाचले असते, पण ते ज्याने लिहिले तो मनुष्य त्याच्याच पहिल्या परिच्छेदाने अभ्यासक राहिला नसता. तर्कशुद्धतेचे असे जाळे मी दुसऱ्यांसाठी अनेकदा विणले आहे. त्यात स्वतः सापडल्यावर ते किती चांगले विणले होते हे कळले.

‘‘बाबा, एक मिनिट,’’ लेक म्हणाली, ‘‘वाचायचंच असेल तर आधी दुसऱ्या पडद्यावरून—’’

तिचे वाक्य पूर्ण होण्याआधी मी क्यू दाबले होते.

यंत्र बोलू लागले. मी लिहिलेले सगळे एका दमात उमटले आणि प्रत्येकाला उत्तर आले. ‘उत्तर: अशी आज्ञा सापडली नाही.’ ‘आपले: अशी आज्ञा सापडली नाही.’ ‘माझा: अशी आज्ञा सापडली नाही.’ वाक्यातला पहिला शब्द पकडून सबंध वाक्य नाकारायचे ही त्याची रीत. आमचे अध्यक्ष ग्रंथ असेच वाचतात. मग बायकोचे शब्द सुरू झाले, आणि ते मी मोठ्याने वाचत गेलो.

‘नमस्कार मी यांची बायको.’ नमस्कार: अशी आज्ञा सापडली नाही.

‘तुझ्यावर ओरडून गेले ते मनाला लावून घेऊ नकोस.’ तुझ्यावर: अशी आज्ञा सापडली नाही.

‘माझं शिलाई मशीन बोळात आहे त्यावर घड्याळांच्या तक्रारी ठेवल्यात.’ माझं: अशी आज्ञा सापडली नाही.

‘गप्प बसलास ते बरं केलंस मीही बसते पण मी ऐकते.’ गप्प: अशी आज्ञा सापडली नाही.

आणि मग शेवटची ओळ: ‘सुरुवातीला म्हणाले होते,’ त्यापुढे उघडलेले अवतरणचिन्ह, आणि त्यापुढे, ‘हे एवढं खंडन संपलं की मागची खोली तुझ्या मशीनला’. इथे काकांनी बेल वाजवली असणार. वाक्य तिथेच होते. त्याखाली, ओळीच्या आरंभी एक बाण आणि बाणापुढे काकांची आज्ञा: आर, एम, रेघ, आर, तारा.

मी डोळे मिटले. ज्यांची घड्याळे चुकली होती त्या सर्व नागरिकांचा मी मनोमन निरोप घेतला.

‘‘चालली का माझी?’’ काकांनी कुजबुजत विचारले.

‘‘बाबा! क्यू दाबलंत ना? मला माहीत होतं! डोळे उघडा आणि सांगा, काकांच्या ओळीच्या आधी डॉलर आहे की बाण?’’

‘‘बाण.’’

‘‘आणि आता सगळ्यात खाली?’’

‘‘तिथेही बाण. आणि काही नाही.’’

लेक हसू लागली. तिला हसताना श्वास लागतो, लहानपणापासून. आम्ही तिघे फोनभोवती वाकून तो श्वास परत येण्याची वाट पाहत राहिलो.

‘‘आईने अवतरणचिन्ह उघडलं आणि मिटवलंच नाही,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘बाण म्हणजे ते अजून वाट बघतंय, बोलणं कधी संपतंय याची. काकांची आज्ञा बाबांच्या बोलण्याच्या मधोमध जाऊन पडली. म्हणून ती आज्ञा राहिलीच नाही. ते नुसतं बाबांचं बोलणं झालं.’’

‘‘म्हणजे त्याने काही होत नाही?’’ बायकोने विचारले.

‘‘काहीच होत नाही.’’

‘‘मग बरोबर आहे,’’ बायको म्हणाली.

काका इतके मोठ्याने हसले, की मला त्यांची आज्ञा माफ करणे आणखी अवघड गेले.

या वेळी लेकीने मला तिचे वाक्य पूर्ण ऐकायला लावले. तीन कळा एकदम दाबल्या तर दुसरा काळा पडदा उघडतो, पहिला तसाच मागे राहतो. तिथे मी पुन्हा न बघता नीट परवलीचा शब्द लिहिला, अवतरणचिन्हे उघडली, मिटवली, दोनदा तपासली, आणि माझ्या खंडनाची दुसरी प्रत जगात आली. पाठभेदाचे बीज पडले. काकांनी पेनड्राइव्ह मुठीत धरून नेला. त्यांच्या घरचा संगणक चालू होता, त्यावर त्यांनी अजून उपाय केलेला नव्हता. थोड्या वेळाने संपादिकेचा निरोप आला: मजकूर पोचला, लावायला घेतला. अध्यक्षांचा लेख पुढच्या अंकात गेला. याचा आनंद मला जितका व्हायला हवा होता तितका झाला, पण तो मी बसून उपभोगू शकलो नाही, कारण माझे लक्ष दुसरीकडे होते.

मी पहिल्या पडद्यावर परतलो. तिथे तो बाण तसाच होता, आणि त्याच्यापुढची रेघ उघडझाप करत होती. त्याला घाई नव्हती. बायको बोळातून आली आणि माझ्या खांद्यामागे उभी राहिली. तिच्या हातात तक्रारींचा एक गठ्ठा होता. कुठे ठेवू, असा प्रश्न ती बरेच दिवस न विचारता विचारत आली होती.

‘‘लेक म्हणाली, सी दाबलं की ते सुटतं,’’ ती म्हणाली.

‘‘दाबतो. त्याआधी वाक्य पुरे करू दे.’’

मी लिहिले, रोमन अक्षरांत, न बघता नव्हे तर प्रत्येक अक्षर उमटताना पाहत: ‘रिकामी करून देईन.’ मग अवतरणचिन्ह मिटवले. एंटर दाबले. यंत्राने ते सगळे, माझा शब्द आणि त्याच्या पोटात अडकलेल्या काकांच्या आज्ञेसकट, एका घासात वाचले आणि प्रामाणिकपणे उत्तर दिले. ‘सुरुवातीला: अशी आज्ञा सापडली नाही.’ त्याखाली डॉलर उभा राहिला.

वाक्य चांगले उतरले होते. करंगळी आपोआप कंट्रोलकडे सरकली, तर्जनी एसकडे. बायकोने गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला आणि माझे मनगट धरले.

‘‘साठवू नका,’’ ती म्हणाली. ‘‘मी ऐकलंय. आता उठा, उरलेले गठ्ठे मशीनवर आहेत.’’